अकरा दिवसांचा ‘कै.’

सात रस्त्याजवळ एका औषधाच्या दुकानावर माझी एक खोली आहे. वेबसाइट बनवायचं आणि बनवलेल्या चालू ठेवायचं काम मी तिथे एकटीच करते. दवाखाने, शाळा, चादरीची दुकानं, एक-दोन मंगल कार्यालयं अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांतलंच एक वधू-वर मंडळ. त्याचा कारभार एक निवृत्त शिक्षक बघतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. फायलींत पिवळी पडलेली स्थळं त्यांनी वेबसाइटवर आणायची ठरवली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी जेवणाचा डबा धुऊन आत येत होते, तेव्हा एक गृहस्थ जिना चढून वर आले. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात रखवालदाराचा निळा शर्ट. चपला असू द्या म्हटलं तरी त्यांनी बाहेरच काढल्या. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसले, खिशातून आधार कार्ड काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

“हे माझं हाय,” ते म्हणाले. मग मोबाइल पुढे केला. “आता हे बघा.”

मोबाइलवर मंडळाचं पान उघडलेलं होतं. एका मुलीचा फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण बारावी, नोकरी शिवणकाम कारखान्यात. त्याखाली वडिलांचं नाव, आणि नावाच्या आधी ‘कै.’ मी कार्डावरचं नाव पाहिलं. तेच होतं.

“मी जित्ता हाय की, ताई.”

आवाज चढलेला नव्हता. कचेरीत चुकलेली जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला माणूस येतो, तसं ते बोलत होते. कुंभारीला राहतात, एका गोदामावर रखवालीला असतात, एवढं सांगितलं. लेकीचं स्थळ मंडळात घातलंय हे ठाऊक होतं, पण पान कधी बघितलं नव्हतं. आदल्या दिवशी गोदामावरच्या जोडीदारानं त्यांना मोबाइलवर उघडून दिलं. लेकीचा फोटो बघून झाल्यावर त्यांनी खालचं वाचलं. सरांचा फोन लागला नाही, म्हणून पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत माझ्या ऑफिसचा पत्ता असतो तो शोधून ते आले होते. तो पत्ता आजवर कुणी वाचला असेल असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं की घरच्यांनी फॉर्म चुकीचा भरला असणार. ‘वडील हयात नाहीत’ असा एक चौकोन फॉर्मवर असतो, त्यावर चुकून टिक झाली असेल. मी तिची माहिती उघडली. टिक नव्हती. मग मी पूर्ण पान वरून खाली बघत गेले. वरची चार स्थळं नीट होती. पाचव्या मुलीचे वडील खरोखरच वारलेले होते. तिथून खाली पानाच्या शेवटापर्यंत एकाही मुलीचा बाप जिवंत नव्हता.

हे कसं झालं ते मला त्या क्षणीच कळलं. ते थोडं सांगायला हवं.

शंभर स्थळांची शंभर पानं कुणी हातानं लिहीत नाही. पानाचा एक साचा लिहायचा, त्यात मोकळ्या जागा सोडायच्या, आणि प्रत्येक स्थळाची माहिती एकामागून एक त्यातून फिरवायची. या साच्याला टेम्प्लेट म्हणतात. फिरवताना मधेच काही लक्षात ठेवायचं असेल तर त्याला एक नाव द्यायचं, ते व्हेरिएबल. माझ्या साच्यात असं एक नाव होतं, ‘उपसर्ग’. वडील हयात नसतील तर उपसर्गात ‘कै.’ ठेव, आणि मग उपसर्ग व नाव शेजारी शेजारी छाप, असं मी लिहिलं होतं. वडील हयात असतील तर काय करायचं ते लिहिलंच नव्हतं. जुन्या टेम्प्लेट भाषेत लिहावं लागायचं नाही. तिथे एका स्थळाच्या फेरीत ठेवलेलं ती फेरी संपली की आपोआप पुसलं जायचं आणि पुढच्या मुलीपाशी उपसर्ग कोरा यायचा.

अकरा दिवसांपूर्वी मी मंडळाची साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. तिथली टेम्प्लेट भाषा वेगळी. त्या भाषेत फेरीच्या आत नाव ठेवलं तरी त्याची हद्द फेरीपुरती नसते, अख्ख्या पानाची असते. एकदा ‘कै.’ ठेवला की कुणी पुसेपर्यंत तो तसाच राहतो. हद्दीला आम्ही स्कोप म्हणतो, आणि दोन भाषांतला हा फरक मला माहीत होता. माहीत नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. साचा हलवताना चार खोटी स्थळं घालून मी तपासलं होतं. चारांपैकी शेवटच्याच मुलीचे वडील वारलेले दाखवले होते. तिच्याखाली कुणी नव्हतंच, त्यामुळे सगळं ठीक दिसलं.

फेरीच्या सुरुवातीला मी एक ओळ घातली: उपसर्ग कोरा. पाच मिनिटंही लागली नाहीत. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून वाचून दाखवायला सांगितलं. मी त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं.

“व्हय,” ते म्हणाले, हजेरीला म्हणतात तसं.

मी माफी मागितली. यंत्रानं केलं असंल, असं ते म्हणाले. मी सांगितलं की यंत्रानं नाही, मी केलं. त्यावर ते माणूस चुकतंच म्हणून उठले. चहा नको म्हणाले, ड्युटी होती.

ते गेल्यावर मी सरांना फोन केला.  ते म्हणाले, दोन घरांतून फोन आले होते खरे, पण त्यांना वाटलं लोकांनीच फॉर्म चुकवला, म्हणून त्यांनी फॉर्म परत पाठवायला सांगितलं होतं. आता दुरुस्त झालंय तर बोभाटा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. अकरा दिवसांत कुणी काय वाचलं आणि त्यावर काय ठरवलं हे आपल्याला कळणार नाही, निदान चूक आमची आहे हे तरी लोकांना कळू दे, असं मी म्हटलं. मंडळाच्या ग्रुपवर माफीचा मजकूर मीच लिहून दिला. मग संध्याकाळपर्यंत एकेका घरी फोन करत बसले. बऱ्याच जणांनी पाहिलंच नव्हतं. एका घरी फोन वडिलांनीच उचलला. मी अडखळत सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, चांगलंच केलंत. त्या हसण्यानं मला इतकं हलकं वाटलं की पुढचे दोन-तीन फोन मीही जरा हसतच केले. कुंभारीच्या घरी मात्र फोन केला नाही. ते स्वतःच येऊन गेले होते, आता काय कळवायचं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी आली. फोटोमुळे मी ओळखलं. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला आहे. ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. जेवणाच्या सुट्टीत आली होती, बसली नाही.

“पप्पा आले होते का हितं?”

मी हो म्हटलं.

“बदलायच्या आदी आमाला फोन का न्हाय केला? फॉर्म माज्या नावावर हाय.”

मी म्हटलं, चुकीचं होतं, तुझे वडील समोर बसलेले होते, मी कुणाला विचारणार? ती खिडकीकडे बघत राहिली. मग बसली, आणि जे सांगितलं ते एका दमात सांगितलं, जणू थांबली तर उरलेलं सांगता येणार नाही.

तिचे वडील सहा वर्षं घरात नव्हते. एक दिवस कामाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. कुठे होते, कुणाजवळ होते, ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. परत आले त्याला एक वर्ष झालं होतं. घरात जेवतात, झोपतात, पगार आईच्या हातात देतात. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. आधीची दोन स्थळं याच प्रश्नावर मोडली होती. बघायला आलेले लोक वडिलांना विचारायचे, मधली वर्षं कुठे होता? आणि ते खाली बघायचे.

मग माझा ‘कै.’ लागला. चौथ्या दिवशी माढ्याहून फोन आला. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. रविवारी मुलगा, त्याची आई आणि आत्या बघायला आले. आईनं त्या दिवशी नवऱ्याला त्याच्या बहिणीकडे पाठवलं, तिथला नळ दुरुस्त करून या म्हणून. आलेल्यांनी वडिलांचं काही विचारलं नाही. आत्याबाई निघताना एवढंच म्हणाल्या की एकटीनं संसार ओढलात, आणि आईनं मान खाली घातली.

“आमी खोटं बोललो न्हाय,” ती म्हणाली. “कुणी इचारलंच न्हाय.”

मुलगी पसंत असल्याचा निरोप आला होता. पण आता मंडळाचा माफीचा मजकूर माढ्यापर्यंत पोचला होता आणि आत्याबाईंनी फोन करून विचारलं होतं, तुमच्यातही तसंच झालं होतं का? आईनं फोन ठेवून दिला होता.

मुलीला माझ्याकडून एक काम हवं होतं. मी माढ्याला फोन करून सांगायचं, की या घरच्यांनी पहिल्याच दिवशी मला चूक कळवली होती आणि दुरुस्ती माझ्याकडूनच राहिली. मी म्हटलं, चूक माझी आहे हे मी कुणालाही सांगीन, पण पहिल्या दिवशी कळवलं होतं हे खरं नाही.

“चूक तुमची हाय हे त्यांना कळलंच की,” ती म्हणाली. “तेवढ्यानं माजं काय हुतंय?”

ती ओढणीवरचा एकेक दोरा काढून टेबलाच्या कडेवर ठेवत होती. मला खरंच नाही म्हणता आलं नाही. तिच्यावर उपकार करत होते असं नाही. साचा हलवताना मी एक ओळ लिहिली असती तर ही मुलगी इथे बसलीच नसती, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी नंबर मागितला आणि तिच्यासमोर फोन लावला.

फोन आत्याबाईंनी घेतला. आवाज शांत होता. मी कोण ते सांगितलं, चूक कशी झाली तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, हुतंय असं, कामात चुका हुतात. मग त्यांनी विचारलं, त्या घरच्यांनी तुमाला कळवलं होतं का?

“हो,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी. माझ्याकडून राहिलं.”

“मग आमी गेलो तवा ते कुटं होते?”

मी मुलीकडे पाहिलं. तिला तिकडचं ऐकू जात नव्हतं, पण माझ्या तोंडावरून तिला प्रश्न कळला. तिनं मान हलवली नाही, काही खुणावलंही नाही.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

दोन मिनिटांत दोनदा खोटं बोलले होते. आत्याबाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मुलगी दोऱ्यांचे तुकडे मुठीत घेऊन उठली आणि जिना उतरून गेली. चार दिवसांनी सरांनी सांगितलं, माढ्याच्या लोकांनी योग जुळत नाही असं कळवलंय. मंडळात नकाराला हेच शब्द वापरायची पद्धत आहे.

पुढच्या रविवारी मी गाडीवरून कुंभारीला गेले. जाऊन काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. माफी मागायची एवढंच ठरवलं होतं, आणि ती कुणाकुणाची हे वाटेत मोजत होते. एकसारख्या घरांच्या रांगा आहेत तिथे, दोनदा चुकले. तिची आई उंबऱ्यात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हात थांबवला नाही. आत ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी पायरीवर बसले.

मी जे बोलले ते तिनं ऐकून घेतलं. मुलगी कामाला गेली होती, रविवारीही कारखाना चालू होता, शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस.  मग आई विडीला दोरा गुंडाळत म्हणाली:

“सा वर्सं मी सांगत हुते, कामाला लांब गेलाय. कुकू लावून सांगत हुते. लोक इचारायचे आन् हसायचे. तुमच्या त्या पानानं अकरा दिस लोक इचारायचं थांबले. मला वाईट वाटाया पायजे हुतं की न्हाय? न्हाय वाटलं बगा.”

 ती रागानं बोलत नव्हती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नसावं, आणि मी परकी होते म्हणून सांगता आलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात ते आले. रात्रपाळी संपवून बाजार करून येत होते. हातात मेथीची जुडी आणि वांग्यांची पिशवी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. बायकोला म्हणाले, ह्याच त्या ताई, ह्यांनीच माझं नाव नीट करून दिलं, चहा टाक. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि आत गेली. माढ्याचं स्थळ आलं कधी नि मोडलं कधी, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते पायरीशी उकिडवे बसले.

“आता बराबर दिसतंय न्हवं?” त्यांनी विचारलं. “परत तसं हुणार न्हाय?”

“होणार नाही,” मी म्हटलं.

चहा आला. तो प्यायला मला फार वेळ लागला. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी काही बोलते का ते. मी बोलले नाही. ते मेथी निवडायला घेत होते, तेव्हा मी निघाले.

त्यानंतर काही महिने मी त्या साच्याच्या वाटेला गेले नाही. काम आलं तर उघडायचे, करायचे आणि बंद करायचे. बाकी गिऱ्हाइकांचे साचे मात्र एकेक करून पुन्हा तपासले. एका दवाखान्याच्या पानावर तसंच एक नाव कोरं न करता राहिलेलं सापडलं. नशिबानं त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सरांना वाटलं मी उगाच मनाला लावून घेतेय. त्यांच्या लेखी स्थळं जुळतात आणि मोडतात. माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं, फक्त फोनवर काय बोलले ते सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती मुलगी मला सात रस्त्यावर दिसली. गणवेशांचं गाठोडं पायाशी ठेवून रिक्षाची वाट बघत होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिनं हाक मारली.

तिच्या स्वतःच्या आत्याकडून, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडून, त्यांना सगळं कळलं होतं, ती म्हणाली. नळ मुळात बिघडलेलाच नव्हता, त्यामुळे बहिणीला आधीपासून संशय होता. नंतर कुणाकडून तरी तिनं माढ्याचं ऐकलं आणि भावाला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामावर सुट्टी टाकली आणि एसटीनं माढ्याला गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. पत्ता विचारत विचारत त्या लोकांच्या दारात उभे राहिले आणि मीच तिचा बाप म्हणाले. सहा वर्षं कुठे होतो ते त्यांनी तिथे परक्या लोकांसमोर सांगितलं, बायकोला कधी सांगितलं नव्हतं ते. माझ्या पोरीनं काही लपवलं नाही, लपवण्यासारखं मी केलं, असंही म्हणाले. पानावरचं नाव दुरुस्त करायला आपण स्वतः ऑफिसात गेलो होतो, त्याच्या आधी कुणालाच माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

 “म्हणजे मी फोनवर…”

“व्हय. आत्याबाईंनी इचारलं त्यांना, मग त्या बाई आमाला खोटं का बोलल्या?”

“काय म्हणाले ते?”

“म्हनले, माज्या पोरीसाठी बोलल्या असतील.”

आत्याबाईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि एसटीच्या थांब्यापर्यंत माणूस सोबत दिला. पण नकार तसाच राहिला. त्या मुलाचं लग्न नंतर बार्शीकडच्या मुलीशी ठरलं. ती हे सगळं सरळ आवाजात सांगत होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं यंदा मंडळात नाव नोंदवलं नव्हतं. आईचं आणि वडिलांचं माढ्याच्या त्या फेरीवरून मोठं भांडण झालं, सहा वर्षांत राहिलेलं सगळं त्या एका संध्याकाळी झालं, आणि आता ते एकमेकांशी बोलतात, कधी कधी फार मोठ्यानं.

“आणि तू?” मी विचारलं.

“रोज न्हाय,” ती म्हणाली. “पर बोलते.”

मला तिची माफी मागायची होती, मोडलेल्या स्थळाबद्दल आणि त्या फोनबद्दलही. तेवढ्यात रिक्षा थांबली. मी गाठोड्याचं एक टोक धरलं, दोघींनी ते आत ढकललं, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तशी ती घाईनं बसली.